चाळीस घरांच्या कड्या

"बू, मला सगळ्यांचं सगळं दिसतंय, तुम्ही आधी हे बंद करा."

तुंजुंग हे म्हणाली तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते. शाळेच्या संगणक खोलीत आम्ही दोघीच होतो. ती पडद्याकडे पाठ करून उभी होती, दोन्ही हात मागे बांधून, जणू तिला कुणी भिंतीकडे तोंड करायची शिक्षा दिली होती. पडद्यावर टपालाच्या तिकिटाएवढ्या चाळीस खिडक्या उघडल्या होत्या. त्यांतल्या एकीत एक म्हातारा आरशाशिवाय दाढी करत होता. एकीत चूल होती. एकीत कुणाचा तरी रिकामा बिछाना, त्यावर पडलेला ओला टॉवेल. सुम्बिंग डोंगराच्या उतारावरची चाळीस घरं, आणि एकाही घराला आपण दिसतो आहोत हे ठाऊक नव्हतं.

तिने पाठ फिरवली होती. मी पाहिलं. हे मी लपवत नाही.

मी त्या शाळेत संगणक शिकवते; आमच्याकडे बाईंना बू म्हणतात, सरांना पाक. तुंजुंग बारावीत होती. तंबाखूच्या दिवसांत ती उजाडायच्या आत उठायची, वडिलांनी कातरलेली पानं आईबरोबर बांबूच्या ताटांवर पसरायची, ताटं रस्त्याकडेला उन्हात मांडायची आणि मग शाळेत यायची. बोटांना काळा चीक चिकटलेला असायचा. यंत्राला हात लावण्याआधी ती लिंबाची फोड चोळायची. माझ्या खोलीतल्या कळफलकांना त्या हंगामात लिंबाचा वास यायचा. दुपारी बाजारात ती भाजीवाल्यांचे फोन दुरुस्त करायची.

"डॉक्टरीणबाई, माझा फोन कालपासून खोकतोय बघ."

"बघते, बुडे मावशी. पण तुम्ही इथंच बसा, हलू नका."

"मी कशाला बसू? गिऱ्हाईक जाईल माझं. फोनमध्ये आहे काय, नातवाचे फोटो!"

"असू देत. नातू तुमचा आहे, माझा नाही."

अशी ती. वर्गात फारसं बोलायची नाही. तिला बांडुंगला तंत्रविद्यापीठात जायचं होतं. शाळेने शिफारशीच्या यादीत नाव धाडलं तर गुणांवर थेट प्रवेश मिळतो. लेखी परीक्षेचा दुसरा रस्ताही असतो, पण त्याची शिकवणी शहरात, आणि शहरात राहणं त्या घराला झेपणारं नव्हतं. म्हणजे तिच्यापुरती ती यादी हाच रस्ता होता, आणि हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

बारावीच्या चाळीस मुलांना शाळेने घरी न्यायला लॅपटॉप दिले होते. त्यांच्यात एक प्रोग्राम होता: शिक्षकाला मुलाचा पडदा दिसावा, हवं तर झाकणातल्या कॅमेऱ्यातून मूलही दिसावं. वर्गापुरता, असं आम्ही समजत होतो. तुंजुंगच्या घरी मात्र रोज मगरिबच्या नमाजानंतर लॅपटॉपचा पंखा आपोआप धापा टाकू लागायचा. तिने सात दिवस वेळा टिपल्या. सहा दहा ते सहा चाळीस. कुणीतरी बघत होतं. मग त्या सकाळी तिने माझ्या यंत्रावर पासवर्ड घालून पाहिला. शाळेचं नाव आणि स्थापनेचं साल. फाटकावर हातभर अक्षरांत रंगवलेलं तेच.

प्रोग्रामच्या नोंदीत बघणाऱ्याचं नाव होतं: उपमुख्याध्यापक, पाक मार्गोनो. वाईट माणूस नव्हे. कुणाच्या घरी आजारपण असलं की सर्वांत आधी तांदूळ घेऊन पोचणारा. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते तळलेलं तेंपे, सोयाबीनच्या वड्या, खात होते.

"बसा, खा. हो, मी बघतो. पोरं अभ्यास करतात का नाही, बघायला नको? मी त्यांचा बापच आहे."

"माझा बापसुद्धा खोलीत येताना खोकतो, पाक," तुंजुंग म्हणाली.

ते हसले. हसताना ठसका लागला. "आता मीही खोकलो. झालं? पोरी, तुझ्यापाशी लपवण्यासारखं आहे तरी काय?"

"काही नाही, पाक. पण न्हाणीला दार आमच्याकडंही आहे."

"बू वेनिंग, ही वकील होणार," ते मला म्हणाले. घरी बघणं बंद करायला मात्र त्यांनी नकार दिला. पासवर्ड बदला, एवढंच सांगितलं.

पासवर्ड आम्ही बदलला. तो तिला आणि मला ठाऊक होता. पाक मार्गोनोंच्या यंत्रात मीच भरून दिला, त्यांना तो पाठ करायचा कंटाळा. मग दोन आठवड्यांनी ती एक कागद घेऊन आली. प्रोग्राममध्ये छोटासा बदल.

आमच्याकडे दिवसभर घरांची दारं उघडीच असतात. पण उघड्या दारातून कुणी आत शिरत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून म्हणायचं, कुलोनुवुन. आतून "मोंग्गो" आलं, या म्हटलं, की पाऊल टाकायचं. तीनदा पुकारूनही उत्तर आलं नाही तर मुकाट परतायचं, आतला माणूस दिसत असला तरी. हे कुणी शाळेत शिकवत नाही. तुंजुंगने हेच यंत्रात घातलं होतं. शिक्षकाने खिडकीवर बोट ठेवलं की मुलाच्या पडद्यावर अक्षरं उमटायची: कुलोनुवुन. त्याने मोंग्गो दाबलं तर खिडकी उघडणार. तीनदा दाबलं नाही, तर त्या दिवसापुरती बंद. ही कडी बाहेरून काढायचा एक वेगळा पासवर्ड होता, तो तिने फक्त मला सांगितला.

शंभर ओळीसुद्धा नव्हत्या. मी त्या रात्री जेवताना पुन्हा वाचल्या आणि घास हातातच राहिला. माझ्या आजीने मला बोट धरून जे शिकवलं होतं ते कुणीतरी विजेला शिकवलं होतं, आणि विजेने ऐकलं होतं. पाक मार्गोनोंनी कागदावर न वाचताच सही केली.

सप्टेंबरच्या शेवटी जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतून दोन पाहुणे आले, एक पुरुष, एक बाई. शिफारशीची यादी त्यांच्याच हाती जाणार होती. मुलं घरी गेली होती, साडेचार वाजले होते. यंत्रं सांभाळायला मी तुंजुंगला थांबवून घेतलं होतं. तिचा बदल आम्ही त्याच दुपारी सगळ्या लॅपटॉपमध्ये शाळेतूनच भरला होता; मुलांना सांगितलं होतं, पाक मार्गोनोंनी तो अजून पाहिला नव्हता. घरी मुलं कशी अभ्यास करतात ते दाखवतो, म्हणत पाक मार्गोनोंनी भिंतीवर चाळीस काळे चौकोन उघडले आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

भिंतीवर अक्षरं आली: कुलोनुवुन. घरातून उत्तराची वाट पाहत आहे.

"हे काय?" ते म्हणाले.

"तुम्हीच सही केलीत, पाक," मी म्हणाले.

तेवढ्यात चौकोन उजळला. एक मुलगा, मागे तंबाखूची ताटं. "मोंग्गो, पाक!" मग दुसरा. तिसऱ्यात एका आईने तळलेल्या कसावा कंदाची बशी कॅमेऱ्यापुढे धरली. "या पाक मार्गोनो, गरम आहे! अहो, बारीक झालात की, शाळेत खायला घालत नाहीत वाटतं?" पाहुण्या बाई खळखळून हसल्या. भिंतीवर घरामागून घर उघडत गेलं, डोंगराच्या उतारावर संध्याकाळी दिवे लागावेत तसं, आणि प्रत्येक दिवा आतल्या माणसाने आपल्या हाताने लावलेला. त्या सकाळी मी हीच घरं पाहिली होती. ही तीच नव्हती.

"वा," पाहुणे म्हणाले, "रीत सांभाळलीत, पाक मार्गोनो."

पाक मार्गोनो फुलले. "आमच्या पोरीनं केलं. यादीत पहिलं नाव तिचंच आहे."

एकोणचाळीस उघडले; तुंजुंगच्या घरी तिच्या आईने मोंग्गो दाबलं होतं. एक चौकोन काळाच राहिला. खाली नाव होतं, अंगित. ही मुलगी आठ दिवस शाळेत आली नव्हती. तिचा लॅपटॉप चालू होता, एवढं भिंतीवर दिसत होतं. पाक मार्गोनोंनी दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा. काही नाही.

"म्हणजे ज्याला लपायचंय तो लपूनच राहणार," पाहुणे म्हणाले. ते टोचून बोलले नाहीत, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "मग याचा उपयोग काय?"

पाक मार्गोनोंचा चेहरा उतरला. ते तुंजुंगकडे वळले. "उघड पोरी. तुला येतं."

"येतं, पाक."

"मग?"

"तिने मोंग्गो म्हटलं नाही."

"आठ दिवस पोरगी गायब आहे! तिला काही झालं असलं तर?"

"तर तिच्या घरी जायला हवं, पाक. तांदूळ घेऊन."

पाक मार्गोनोंनी फायलीतून यादी काढली, टेबलावर ठेवली, टोपण काढून पेन तिच्यावर आडवं ठेवलं. पाहुण्यांपुढे एका मुलीने त्यांना नाही म्हटलं होतं, आणि ते कसं पचवायचं हे त्यांना कळत नव्हतं.

"यादी आज यांच्याबरोबर जाते," ते हळू म्हणाले. "माझी सही बाकी आहे. एवढी एक खिडकी, पोरी. एकच."

तुंजुंगने भिंतीकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. कडी काढायचा तो पासवर्ड मलाही ठाऊक होता, आणि हे फक्त आम्हा दोघींनाच माहीत होतं. मी माझे दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. तेवढंच मला जमलं.

ती उठली. खुर्ची आवाज न करता आत सारली. वडीलधाऱ्यांच्या पुढून जाताना वाकतात तशी ती कमरेतून वाकली, उजवा हात गुडघ्याखाली सोडला आणि पाहुण्यांच्या पुढून, पाक मार्गोनोंच्या पुढून, माझ्या पुढून सावकाश गेली. अशा वेळी तोंडाने क्षमा मागायची असते, दोनच शब्द असतात त्याचे. ते ती म्हणाली नाही. वाकलेलीच उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे ताठ झाली आणि बाहेर पडली.