पोंभुर्ण्यातलं मुंबईचं कपाट

वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये पुस्तकाचा नंबर, नाव आणि सही एवढीच जागा. पुस्तक परत करताना माणूस काय बोलला, त्याला रकानाच नाही! म्हणून ते सगळं माझ्या डोक्यात साचत गेलंय. त्यातही मोठ्या शहरांवरच्या पुस्तकांचं कपाट म्हणजे कहर. पोंभुर्ण्यात बसून ते उघडलं की माणूस स्वस्थ बसत नाही. मी इथली ग्रंथपाल, पण मीही बसलेली नाही.

*

देवाजीभाऊ वनरक्षक म्हणून रिटायर झाले. मुंबईवरची जाडजूड कादंबरी त्यांनी तिसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर आपटली.

"आवडली नाही का, भाऊ?"

"शेजारचा माणूस मेला, चार दिवस कोणाले पत्ता नाई! इथी वाघानं बैल मारला तं चहा उकळायच्या आधी तीन गावाले माहीत!"

दारापर्यंत गेले, परत फिरले. "दुसरा भाग हाय का?"

*

नर्सिंग शिकलेल्या प्रतीक्षानं एकच पुस्तक चार वेळा रिन्यू केलं.

"इतकं आवडलं?"

"वाचलं कुठी, मॅडम? मागच्या पानावर मुंबईचा नकाशा हाय!"

मुंबईला इंटरव्ह्यूला गेली तेव्हा टॅक्सीवाला तिला उगाच लांबून फिरवायला लागला. ही म्हणाली, "भैया, लेफ्ट लो."

तो चपापला. "मॅडम, बंबई में कहाँ रहती हो?"

"पोंभुर्णा!"

"ईस्ट या वेस्ट?"

*

अंगणवाडीच्या शेवंताबाईंचा मुलगा पुण्याला कंपनीत. त्यांनी नेलेल्या कादंबरीतला पोरगा शहरात उपाशी राहतो आणि घरी फोनवर "मजेत आहे" म्हणतो. बाईंनी अर्ध्यातच पुस्तक मिटून मुलाला फोन लावला.

"जेवला का रे?"

"हो आई. मजेत हाय."

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी, कुलूप उघडायच्या आधीच दारात हजर. "दुसरं द्या, मॅडम. ज्याच्यात पोरगा खरं बोलते असं."

मी कपाट पूर्ण शोधलं. त्या तिकीट काढून पुण्याला गेल्या.

*

माझंच सांगते. ट्रेनिंगसाठी मुंबईला गेले, तेव्हा एका आवडत्या पुस्तकातली गल्ली बघायची म्हणून ते पुस्तक हातात घेऊनच हिंडत होते. एका टॉवरच्या वॉचमनला विचारलं, "भाऊ, ही गल्ली कुठी आली?"

तो खुर्चीतून उठलाच. "कुठी म्हणाल्या? बाई, तुमी कुठल्या?"

माणूस आमच्याच भागातला, सिंदेवाहीचा! धान कापणी झाली का, हे त्यानं तीनदा विचारलं. मग पुस्तकाकडे बोट केलं.

"याच्यात वॉचमन हाय का?"

पानं उलटून बघितली. होता. एका ओळीत. गेट उघडतो आणि संपतो.

"नाव काय त्याचं?"

नाव नव्हतं. मी गल्ली न बघताच परत आले.

*

मडावी गुरुजी रोज संध्याकाळी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना पुस्तक वाचून दाखवतात. मराठी वाचायचं, गोंडीत सांगायचं. या खेपेला गोष्ट होती मुंबईत भाड्याचं घर शोधणाऱ्या माणसाची. दारोदार नकार. वडील रोज विचारायचे, "भेटलं का त्याले घर?"

एक दिवस गुरुजी पुस्तक घेऊन धावतच आले. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली! "मॅडम, शेवट काय हाय? बाबा जेवून नाई राह्यले. मधातच सोडलं का म्हणते त्याले."

मलाही माहीत नव्हता. चार ठिकाणी फोन केले, दुसरी प्रत मिळाली नाही.

रविवारी ओशाळल्या मनानं मीच त्यांच्या गावी गेले. घराशेजारची जागा साफ केलेली. परसातले बांबू तोडून म्हाताऱ्यानं चार कोपऱ्यांत चार खांब रोवले होते. मला बघून हातातली दोरी खाली ठेवली.

"मॅडम, घरी किती जण हायेत त्याच्या?"

"बायको," मी म्हणाले, "आणि एक मुलगी."

त्यांनी थोडा विचार केला. मग एक खांब उपटला आणि दोन हात पुढे नेऊन रोवला.