कुवेतला जाणारी कॅसेट

१९९८ साली माझा भाऊ कुवेतहून रजेवर आला तेव्हा त्याने व्हिडिओ कॅमेरा आणला. परत जाताना तो घरीच ठेवून गेला आणि मी तो चालवायला शिकले. आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात लग्नाच्या वेळी बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालत नसे. त्यामुळे मेंदीपासून पाठवणीपर्यंत सगळीकडे मला बोलावणी येऊ लागली.

दोन-तीन वर्षांनी रत्नागिरीच्या एका वाचनालयात भिंतीवर कागद दिसला. लघुपट कसा लिहावा, दर रविवारी वर्ग. घरी विचारलं तर अम्मा म्हणाली, "लग्नं काढतेस तेवढं पुरे नाही का?" बाबांचा सगळा जन्म बोटीवर नोकरी करण्यात गेलेला. ते म्हणाले, "शिकायलाच चाललीय ना? जाऊ दे."

वर्गात डोक्यावरून ओढणी घेतलेली मी एकटीच होते. माझ्या पहिल्या गोष्टीत मुंबईतला बंगला होता, पियानो होता आणि शेवटी मरणारी श्रीमंत मुलगी होती. सरांनी ती वाचली.

"असा बंगला बघितलायस?"

"नाही, सर."

"आणि हे काय, 'तिच्या मनात वादळ उठतं'? कॅमेरा कुठे लावला की ते वादळ दिसेल?"

सगळे हसले. मला राग आला. पण एसटीतून परतताना सरांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. लग्नात तर मला कॅमेरा कुठे लावायचा ते बरोबर कळायचं. नवरीची आई रडू दाबत उगाच ताटं इकडची तिकडे करत असायची आणि मी ते हात टिपायचे. लिहायला बसले की मात्र हे सगळं विसरायचे.

आमच्या शेजारीच माझी खाला, म्हणजे मावशी, राहायची. तिचा नवरा कुवेतला. ती त्याला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. आधी पोरं, सासू, शेजारणी सगळ्या टेपरेकॉर्डरवर तुटून पडायच्या. मग सगळ्या उठून गेल्या की खालाची पाळी यायची, आणि तिला एक शब्द फुटायचा नाही. मग ती टेप तशीच चालू ठेवून मासळी साफ करायला बसायची. सुरीचा आवाज, कोंबड्या, विहिरीचा रहाट, सगळं त्या कॅसेटमध्ये जायचं.

मी तिला विचारलं, "खाला, हे लिहू?"

"लिही. पण मी रडते असं लिहू नको."

"तू कुठे रडतेस?"

"नाय ना? म्हणून तर सांगते."

मी लिहिलं. खाला बोलते तसंच लिहिलं. वर्गात वाचल्यावर आंब्याच्या बागायतदाराचा एक मुलगा म्हणाला, "ही भाषा लोकांना कळणार कशी?" सरांनाही ते पटलं. "शुद्ध करून आण," ते म्हणाले.

मी शुद्ध केलं आणि खालाला वाचून दाखवलं. "इकडे सर्व कुशल आहे. आपण कधी येणार?" ती हसून हसून खाली बसली. "ही बाय कोण गो? माज्या घरात कशी घुसली?"

पुढच्या रविवारी मी जुनाच कागद घेऊन गेले आणि उभी राहून मोठ्याने वाचला. "हय सगला बरा हाय. तुमी कवा येताव?" मग तोच बागायतदाराचा मुलगा हळूच म्हणाला, "आमच्या वाडीतपण असंच बोलतात." सरांनी माझा कागद हातात घेतला, पुन्हा एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "मी चुकलो. एक अक्षर बदलू नकोस."

लघुपट काढायचं ठरलं तेव्हा त्यात काम खालानेच केलं, पण चेहरा दाखवणार नाही या अटीवर. मग मी सगळं पुन्हा लिहिलं: तिचे हात, पाठ, फिरणारी कॅसेट, दारातून दिसणारं अंगण. त्या अटीमुळे उलट गोष्ट घट्ट झाली. कुठे काय बघायचं ते आता मला आधीपासून कळत होतं.

वर्गाचे लघुपट शहरातल्या एका सभागृहात दाखवले, तेव्हा मोहल्ल्यातल्या बायका मागच्या दोन रांगा भरून बसल्या होत्या. मी जिथे हसू लिहिलं होतं तिथे लोक हसले. खाला टेपसमोर गप्प बसते तिथे सभागृहही गप्प झालं. संपल्यावर प्रमुख पाहुण्यांनी वर्गातल्या मुलांच्या रांगेकडे बघत विचारलं, "लेखक कोण?"

"मी," मी मागून म्हटलं आणि उभी राहिले. टाळ्या आधी मागच्या रांगांतून आल्या, मग सगळीकडून.

परतीच्या एसटीत मला धड बसताही येईना. एकीला आपल्या सासूची गोष्ट सांगायची होती, दुसरीला मोडलेल्या सोयरिकीची. "आधी माजी लिही," "नाय, माजी," अशी भांडणं जुंपली. कंडक्टर वैतागला. खाला खिडकीशी बसून सगळ्यांना बजावत होती, "रांगेने या गो, लेखिका एकच हाय."