गोधडीचा घास

१२ जानेवारी २००२, शनिवार. पिंपळवंडी, आमच्या मळ्यातल्या घराचं अंगण. हजर: आई, अण्णा, भाऊ दत्ता, वहिनी, माझी पाच वर्षांची मुक्ता आणि मी. गैरहजर: मुक्ताचे बाबा, सुभाष. ते आठ महिने आधीच न्यूझीलंडला दूध पावडरच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले होते. जीप साडेनऊला निघायची होती आणि सव्वानऊला आमचं सामान तीन किलो जास्त भरत होतं.

हे सगळं माझ्या याद्यांच्या वहीत आहे, म्हणून नेमकं सांगता येतं. कांद्याच्या गोणी तोलायचा काटा अण्णांनी शेडच्या तुळईला टांगला होता. त्याला एकेक बॅग अडकवून ते आकडा मोठ्याने वाचत होते आणि मी लिहून घेत होते. "काटा खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. व्यापाऱ्यालाही तेच आणि आम्हालाही तेच. तीन किलो एकदम कमी करायचे तर तेवढ्या वजनाची एकच वस्तू दिसत होती, आईने दिवाळीपासून शिवत आणलेली गोधडी. ती पुढच्या खेपेला नेते, असं मी म्हटलं.  आईने बॅगेतून प्रेशर कुकर काढून वहिनीच्या हातात दिला. "कुकर तिकडं मिळंल," एवढंच म्हणाली.

मी यादीतला कुकर खोडला. गोधडी होती तिथेच राहिली, एकोणिसाव्या ओळीवर, 'अंथरूण-पांघरूण' या मथळ्याखाली. पुढे सगळं घडलं ते या मथळ्यामुळे.

आमच्याकडे गोधडी कडेने शिवायला घेतात. चारी बाजूंनी धावदोरा घालत, चौकोनातून चौकोन, टाके आत आत सरकत जातात आणि शेवटी मध्ये तळहाताएवढी जागा उरते. ती बंद करण्याआधी तिथे घास घालतात, भाकरीचा वाळवलेला तुकडा आणि वर चिमूटभर बाजरी. गोधडी उपाशी ठेवायची नाही, उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं आई म्हणायची. निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर बसून आईने तो घास घातला, तेव्हा शेजारी बसून दोरा ओवून देणारी मीच होते. पण रात्री यादी पक्की करताना घास खाण्याच्या वस्तूंत लिहावा असं माझ्या मनातही आलं नाही. चटणी, पापड, मेतकूट हे आपलं खाणं. घास गोधडीचा होता.

ऑकलंडच्या विमानतळावर सामान तपासणीच्या टेबलाशी, खाण्याचं, धान्य-बियाणं काय आणलंय ते विचारणाऱ्या फॉर्मसोबत मी यादी पुढे केली, तेव्हा तिथला अधिकारी खूश झाला होता. पापड उघडले, चटणी हुंगली, खुणा केल्या. मग गोधडी यंत्रातून गेली, परत आली, पुन्हा गेली. त्याने ती टेबलावर पसरली आणि मधोमध बोटं दाबत गेला. बोटं थांबली तेव्हा तो काय विचारणार हे मला त्याच्या आधी कळलं होतं.

त्याने कात्री आणली. आईचे टाके बारीक, तांदळाच्या दाण्याएवढे. ते एकेक उसवायला वेळ लागला असता, म्हणून त्याने सरळ कापलं. भाकरीचा तुकडा निघाला आणि बाजरीतून दोन जिवंत सोंडे किडे टेबलावर चालू लागले. मग दुसरा अधिकारी आला. एक कागद आला. माझं इंग्रजी तेव्हा वाचण्यापुरतं होतं, पण प्रश्न सोपा होता. हे आत आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?

दाराच्या पलीकडे सुभाष उभे होते. मुक्ता माझा पदर धरून होती. खोटा फॉर्म भरला म्हणून आपल्याला याच विमानाने परत पाठवतील, अशी माझी त्या क्षणी खात्री झाली होती. मी म्हणाले, "नाही. माझ्या आईने घातलं. मला माहीत नव्हतं."

त्याने आईचं नाव विचारलं. मी सांगितलं आणि अक्षरं एकेक करून लिहूनही दिली.

आम्हाला समज देऊन सोडलं. गोधडीचा मधला भाग, हात पसरून भरेल एवढा, त्यांनी जाळायला घेतला. उरलेल्यावर प्रक्रिया करून ते दहा दिवसांनी पार्सलने घरी आलं. पिशवी उघडली तर हातात एक चौकट होती आणि मध्ये खिडकीएवढं भोक. पार्सल आलं त्याच दिवशी आईचा फोन होता. गोधडी पोचली का, तिने विचारलं. मी म्हटलं, पोचली, मुक्ता पांघरते.

तुमच्यापैकी जे गावीच राहिले, त्यांना वाटेल एवढ्याशा गोष्टीचं काय. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना कळेल की फोनवरचं पहिलं खोटं पुढच्या प्रत्येक फोनला सांभाळावं लागतं. हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात मी भराभर रुळले. मुक्ताची शाळा, माझं ड्रायव्हिंग लायसन्स, लायब्ररीतली अर्धवेळ नोकरी, फ्रीजवर चिकटवलेल्या याद्या, मराठीतून सुरू होऊन इंग्रजीत संपणाऱ्या. रविवारी फोन. "पांगरती ना पोर?" "पांघरते." चौकट कपाटाच्या वरच्या खणात होती. चार वर्षं.

२००६ च्या फेब्रुवारीत आई यायचं ठरलं. नारायणगावचं ओळखीचं जोडपं मुलाकडे निघालं होतं, त्यांच्या सोबतीने. तिकीट पक्कं झाल्याचा दत्ताचा फोन आला तेव्हा हातात अकरा दिवस होते. मी नवी वही काढली. पडदे धुणे. आईची खोली. ज्वारीचं पीठ. आणि चौथी ओळ: गोधडी.

सुभाष म्हणाले, सरळ सांगून टाक. मी त्यांना म्हटलं, सांगायचं काय? गोधडी कापली हे, की मी तिचं नाव पुढे केलं हे? त्यावर त्यांनी वरच्या खणातून चौकट काढून दिली.

चौकटीची पुन्हा गोधडी होणार नव्हती. मापं घेतली. बाजूच्या पट्ट्या बारा इंच रुंद भरत होत्या. लायब्ररीतल्या शिवणाच्या गटात बायका टेबलावर अंथरायच्या लांब अरुंद पट्ट्या शिवतात, आत पातळ कापूस घालून. त्याला त्या रनर म्हणतात. हिशेब जमत होता. दोन्ही टोकांना आईच्या गोधडीचे एकवीस-एकवीस इंच, मध्ये बारा इंचाचा नवा चौकोन. निदान मोडलेली वस्तू कपाटात कोंबलेली सापडणार नाही, टेबलावर मांडलेली दिसेल.

पट्टी कापली तेव्हा कडेला थर उघडे पडले. आईचं हिरवं लुगडं, अण्णांचं धोतर, वहिनीचा एक परकर, माझा शाळेचा निळा स्कर्ट. हे सगळं आत आहे हे मला माहीतच नव्हतं. या वेळी ते खरं होतं. शिवणयंत्राचा पाय एवढ्या जाडीवर चढेना. हाताने घेतलं. पहिल्या दिवशी दोन सुया मोडल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत एकच सांधा झाला होता. मधल्या चौकोनासाठी सुभाषची कारखान्यातली जुनी डांगरी, मुक्ताचा आखूड झालेला फ्रॉक आणि माझी ओढणी एकावर एक घातली आणि कडेने आत शिवत गेले. माझा टाका आईच्या दुप्पट. बारीक घालायला गेले की वाकडा जायचा, उसवायचा, पुन्हा घालायचा. लायब्ररीतून आले की थेट सुई. भाजी सुभाष चिरत होते. दहाव्या दिवशी कडेची तिरकी पट्टी पुरी झाली. मध्ये तळहाताएवढी जागा उरली आणि तिथे माझा हात थांबला. घास घातल्याशिवाय ती बंद करायची नसते. आणि घास घालायची मला भीती वाटत होती.

सुई तिथेच टोचून मी रनर टेबलावर अंथरला आणि उघड्या जागेवर फुलदाणी ठेवली.

आई आली. घर पाहिलं, नळाचं गरम पाणी पाहिलं, मुक्ताला उराशी धरलं. टेबलाशी बसल्यावर रनरवर हात फिरवून म्हणाली, "येवडीशीच व्हय? कुनाला पुरायची ही?"

"टेबलाला, आई."

"टेबलाला थंडी वाजती?"

आम्ही हसलो. मी जरा जास्तच. दोन दिवस ती त्याच टेबलाशी जेवली. मुक्ता झोपताना तिच्या अंगावर दुकानातली रजई असते, हेही तिने बघितलं असणार. तिसऱ्या दिवशी दुपारी मी लायब्ररीतून आले, तर फुलदाणी ओट्यावर होती आणि रनर उलटा करून आईच्या मांडीवर. चष्मा लावून ती टाके चाचपत होती.

"ह्यो माझा टाका," ती म्हणाली. बोट पुढे सरकलं. "ह्यो तुझा. ह्यो बी तुझा. मधलं कुटं गेलं?"

मी पर्ससुद्धा खाली न ठेवता सगळं सांगितलं. यंत्र, कात्री, सोंडे, कागद. प्रश्न आणि माझं उत्तर. तिचं नाव मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, हेही.

 तिने विचारलं, "फेकला का जाळला?"

"जाळला."

"मंग बरं. कुनाच्या पायाखाली न्हाई आला." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हंजी हितल्या सरकारात माझं नाव तुझ्या आधी लागलं."

मला वाटलं, संपलं. मी खुर्चीत बसले. पण ती चष्मा काढून माझ्याकडे बघत होती.

"माझं नाव सांगितलंस त्याचं मला काय न्हाई. घातला मीच व्हता. पर चार वर्सं दर आयतवारी मी इच्चारायची आन् तू सांगायची पांगरती म्हून. मी तिकडं बायांना सांगत बसले, नात माझ्या गोदडीत झोपती. त्ये लई लागलं."

 अण्णांच्या काट्याला दोन्ही अडकवून बघितलं असतं तर त्याने दाखवलं असतं, की विमानतळावरच्या एका खोट्यापेक्षा ही चार वर्षं जड होती.

संध्याकाळी मी पिठाचा डबा पुढे केला. म्हटलं, भाकरी तू कर आणि घास तूच घाल, म्हणजे पुरी होईल. तिने डबा बाजूला सारला. "माझ्या घरचा घास जळला. आता ज्या घरात ऱ्हाती त्या घरचा घाल. तुझा तू." रनरची घडी करून तिने माझ्या हातात दिली. सुईला हात लावला नाही. सहा आठवडे राहून ती परत गेली. जाताना बॅग मीच भरली. तिने यादी मागितली आणि आत सगळं तसंच आहे का, ते दत्ताला ताडून बघायला लावीन म्हणाली.

आता २००९ सुरू आहे. रविवारचा फोन चालू आहे आणि त्यावर मी खरं तेच सांगते, कंटाळवाणं असलं तरी. मुक्ता बारा वर्षांची झाली. घासाचं कळल्यावर ती म्हणाली, पास्ता घाल, आपल्या घरात तोच जास्त असतो. गंमत म्हणून म्हणाली, पण बरोबर होतं. इथल्या घरचा घास कोणता, हे मी तीन वर्षं ठरवू शकलेले नाही. विकतच्या पिठाची भाकरी? सुभाषच्या कारखान्यातली दूध पावडर? जे घालीन ते माझं घर ठरेल. आणि मग पिंपळवंडीला 'आमच्या घरी' असं म्हणताना माझी जीभ अडखळेल की काय, याची धास्ती आहे.

डिसेंबरमध्ये गावी जायचं आहे. आईने सांगितलंय, येताना ती पट्टी घेऊन ये, बायांना दाखवायची आहे. परत येताना विमानतळावर तोच फॉर्म भरावा लागेल. आत काही असेल तर या वेळी खूण बरोबर रकान्यात करीन. यादी तयार आहे. पासपोर्ट, आईचे गुडघ्याचे पट्टे, अण्णांचं स्वेटर, दत्ताच्या मुलांचे बूट, सगळ्यांपुढे टिक आहे. आठवी ओळ गेल्या तीन वह्यांमधून उतरवून घेत आलेय: मधला चौकोन, घास घालून बंद करणे. तिच्यापुढे टिक नाही. सुई अजून तिथेच टोचलेली आहे, दोरा ओवलेला.