मापात न बसणारा जबडा

मेहकरच्या बसस्टँडवर मला नावानं हाक मारणारे कमी, जबड्यावरून ओळखणारे जास्त. "तू त्या मास्तरची पोरगी ना वं?" कोणीतरी विचारायचंच. आमच्या घराण्यात खालचा जबडा पुढे असतो. माझा जरा जास्तच, समोरचे दात एकमेकांना टेकायचेच नाहीत. मक्याचं कणीस मला चावता आलंच नसतं, पण ते दातानं खातात हे मला लहानपणी ठाऊकच नव्हतं. बाबा अंगठ्यानं दाणे काढून माझ्या आणि आईच्या तळहातावर ठेवायचे. सगळे असंच खातात असं मी धरून चालले होते.

बाबा गेले आणि पुढच्या वर्षी माझा जबडा दुखायला लागला. खामगावच्या डॉक्टरांनी एक्स-रेवर रेषा ओढल्या आणि तेच विचारात पडले.

"ताई, ही मापं गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवरून बसवलेली. त्यांच्या हिशेबानं तुमचे ओठही पुढे आलेत. पण आपल्याकडे ओठ असेच असतात."

म्हणजे बिघडलंय काय? जबडा, ओठ की त्यांचं माप? माझं डोकंच चालेना, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

"दात जुळवणं माझं काम," डॉक्टर म्हणाले. "चेहरा कुठवर बदलायचा ते तुम्ही सांगा. तुम्हाला चांगला वाटतो असा घरातला एखादा चेहरा दाखवा."

घरी आई आणि आत्यानं फोटोंची पिशवी उपसली. देखणं माणूस कोण यावर दोघींचं एकदाचं एकमत झालं. तो फोटो मीही मोठ्या ऐटीत घेऊन गेले. डॉक्टर फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"अहो, हाच जबडा तर आपल्याला मागे घ्यायचाय!"

फोटो बाबांचा होता.

"मंग काऊन कापून राह्यली चांगलं तोंड?" घरी आल्यावर आई म्हणाली.

"माय, मले चावता येत नाही."

"तुह्या बाबाले कुठं येत होतं?"

मी फोटो परत पिशवीत ठेवला.

दुखणं थांबेना, तेव्हा ऑपरेशन केलं. दात जुळतील तेवढाच जबडा मागे, हनुवटी जमेल तितकी राखून. आता बसस्टँडवर कोणी काही विचारत नाही. आरशातली बाई दिसायला बरी आहे, पण ती कोणाच्या घरची ते मला सांगता येत नाही.

कडक खायला परवानगी मिळाली त्या दिवशी आईनं कणसं भाजली. मी सरळ दातानं चावा घेतला. जमलं! आनंदानं मी आईकडे बघितलं. तिचे दात पहिल्यापासून धड. तरी तिनं कणीस उचललं नव्हतं, तळहात पुढे केला होता.

"मले काढून दे ना."

तोंडातला घास तसाच ठेवून मी अंगठ्यानं दाणे काढायला लागले. आई माझ्या हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही.