एकशे पंधरावा तास

गारिफालिया हायस्कुलाची कँटीन चालवायची आणि हेडमास्तरला रोज कालची तिरोपिता, म्हणजे चीज भरलेली पोळी, खायला घालायची. पोरांना ताजी, बाकीच्या मास्तरांना ताजी, मिल्तियादिसला मात्र आदल्या दिवशीची, चीज सुकून चामड्यासारखं झालेली, तव्यावर उलटीपालटी करून. चार वर्षं हा नेम तिनं मोडला नव्हता.

"गारिफो, तुझ्या हाताला चव आहे हं," तो म्हणायचा.

"तुमच्यासाठी येगळीच काढून ठेवती मास्तर," ती म्हणायची, आणि ते खरंच असायचं.

पण शिळ्या पोळीनं उट्टं फिटत नसतं, हे तिलाही कळत होतं. तेहतीस वर्षं तिनं त्याच्यावर डूख धरला होता. एवढ्या वर्षांत माणूस नवऱ्याचा मार विसरतो, बाळंतपणाच्या कळा विसरतो. गारिफालिया एक मे महिना विसरली नव्हती.

तिचं गाव वर डोंगरात, हायस्कूल खाली मोठ्या गावात. हिवाळ्यात बस घाटात फतकल मारून बसायची आणि वरच्या गावची पोरं पहिल्या तासाला कधी पोचायचीच नाहीत. पहिला तास बुडाला की वहीत एक काट. ही वही मास्तर लिहीत नाहीत. वर्गातलं सगळ्यात हुशार पोर लिहितं, आणि तासाच्या शेवटी मास्तर खाली सही ठोकून मोकळा होतो. वर काय लिहिलंय ते बघायची त्याला काय गरज. हुशार पोर खोटं लिहील असं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

अकरावीत गारिफोचे मार्क मिल्तोसच्या, म्हणजे तिच्याच वर्गातल्या ह्या मिल्तियादिसच्या, वर गेले. म्हणजे वही तिच्याकडं यायला पाहिजे होती. तेव्हाचा हेडमास्तर म्हणाला, "जी पहिल्या तासाला स्वतःच नसते, ती कोण आलं नाही ते कशी लिहिणार?" वर्ग खदखदून हसला. वही मिल्तोसच्याच काखेत राहिली.

मे उजाडला तेव्हा तिचे गैरहजेरीचे एकशे तेरा तास भरले होते. एकशे चौदापर्यंत माफ, एकशे पंधरावा लागला की वर्ष पुन्हा. ती अंगात ताप असला तरी बसमध्ये चढायची. मग एका सोमवारी प्रयोग करताना एका पोरीनं काचेनं हात कापून घेतला, आणि रसायनाच्या मास्तरानं गारिफोला कापूस आणि स्पिरिट आणायला पिटाळलं. जवळचं दुकान बंद. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला पळत गेली, पळत आली. आली तोवर दोन तास सरले होते आणि मिल्तोसनं दोन्ही तासांना तिच्या नावापुढं काट मारून ठेवली होती. खाली मास्तराची सही.

एकशे पंधरा.

रसायनाचा मास्तर डोकं खाजवत म्हणाला, "मी पाठवलं असेल कुणालातरी. नक्की आठवत नाही." मिल्तोस बुटाकडं बघत म्हणाला, "मला जे दिसलं ते लिहिलं."

बाप म्हणाला, "आनि एक वरीस बसचा धूर खायला धाडू व्हय तुला?" आणि तिला बकऱ्यांमागं लावलं. पुढं लग्न झालं. नवरा मिळाला तोही त्याच बसचा ड्रायव्हर. तिनं पोरं वाढवली, सासू पोचवली आणि शेवटी त्याच शाळेच्या अंगणातली कँटीन घेतली. मिल्तोस तिकडं मोठ्या शहरात शिकला आणि चार वर्षांपूर्वी हेडमास्तर होऊन परत आला. पहिल्याच दिवशी खिडकीशी येऊन, जणू काही झालंच नव्हतं अशा तोंडानं म्हणाला, "अगं गारिफो, तू इथं?"

"म्या इथंच हाय," ती म्हणाली. "मला कुठं जाऊ दिलंत."

तो हसला. त्याला ते चेष्टेतलं वाटलं.

चौथ्या वर्षी मिल्तोसनं फोनचा नियम कडक केला. फोन दप्तरात पाहिजे. हातात दिसला की एक दिवस घरी, आणि त्या दिवसाचे सातही तास वहीत गैरहजर. मधल्या सुट्टीत तो बुटाचं रिकामं खोकं घेऊन अंगणात फिरायचा आणि पोरांचे फोन त्यात गोळा करायचा. पोरं काही कमी नव्हती. सकाळी आल्या आल्या ती आपले फोन गारिफोच्या टोपलीत, कुलूरींवरच्या, म्हणजे तिळाच्या गोल पावांवरच्या, फडक्याखाली सारायची. कुलूरी विकत घ्यायच्या निमित्तानं खाली वाकून फोन बघायची. गारिफो बघून न बघितल्यासारखं करायची. नियम पोरांना होता, कँटीनवालीला नव्हता.

मिल्तोसची पोरगी दानाई बारावीला होती. बारावीची पोरं गैरहजेरीचे तास वर्षभर राखून ठेवतात आणि एप्रिल-मेमध्ये घरी बसून विद्यापीठाच्या परीक्षेचा अभ्यास करतात. सगळ्यांचं हेच चालतं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. दानाईचे तास मात्र एप्रिलच्या मध्यालाच संपले. तरी मंगळवार-गुरुवार ती शहरात शिकवणीला जायचीच.

वही आता अर्गिरोकडं होती. वरच्या गावची, तीही बारावीतच, वर्गात पहिली. एका शुक्रवारी ती खिडकीशी आली, तोंड आंबट करून.

"काय गं, कुणी मारलं?"

"मावशे, कालचं पान मला पुन्हा लिहायला लावलं. हेडमास्तरांनी ऑफिसात बसवून. म्हणाले, दानाई मागच्या बाकावर होती, तुझ्या नजरेतून सुटली."

"व्हती का?"

"कशाची. शहरात व्हती. हे बघ." तिनं फडक्याखाली हात घालून फोन काढला. फोटोत दानाई समुद्राकाठच्या टपरीवर, हातात गार कॉफी, खाली लिहिलेलं: शिकवणी संपली, डोकं फुटलं. वर वार, तारीख आणि वेळ. गुरुवार, सकाळचे अकरा.

गारिफालियानं हात पुसले. स्वतःचा फोन काढला आणि त्या फोटोचा फोटो घेतला. "पुन्हा टाकला की दाखव मला," ती म्हणाली.

मेच्या शेवटाला तिच्याकडं असे नऊ फोटो झाले होते. ती ते कांदे निवडताना बघायची, आणि पोटात गार पडायचं.

वर्षाच्या शेवटी मास्तरांची बैठक भरते आणि सगळ्यांचे तास वाचून पक्के होतात. बैठकीच्या सकाळी मिल्तोस पोळी घ्यायला आला.

"मास्तर, दानाई गुरुवारी झकास दिसत व्हती," गारिफो म्हणाली. "फोटूत. समुद्राच्या कडंला."

तिला त्याला घाम फुटलेला बघायचा होता. फुटला. तास सुरू होऊन अंगण रिकामं झालं तसा तो मागच्या दारानं कँटीनमध्ये आला आणि तेलाच्या डब्यावर टेकला.

"किती आहेत?"

"नऊ."

"गारिफो, पोरीचं वर्ष जाईल. परीक्षेला बसता येणार नाही."

"ठाव हाय."

त्यानं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "मी मुद्दाम लिहिलं होतं. तेव्हा. तुला मास्तरनं पाठवलेलं मी ऐकलं होतं. तुझे मार्क जास्त होते, बारावीत संचलनात पहिल्या नंबरानं धरायचा झेंडा तुझ्या हातात गेला असता. माझ्या वडिलांनी मला घरात घेतलं नसतं. मी सतरा वर्षांचा होतो गं."

"म्या बी सतराचीच व्हते."

"माफी मागतो. पाया पडू?"

"नगं. फरशी तेलकट हाय."

तेहतीस वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि तिला वाटलं, एवढंच? कढईतलं तेल तापून धूर सोडायला लागलं म्हणून तिनं ते उतरवलं. तिचा हात सैल पडलाय असं वाटून मिल्तोस पुढं सरकला.

"हे बघ. तुझ्या गावची अर्गिरो. बस बंद पडली म्हणून आईला फोन करताना फाटकात सापडली, सात तास लागले. एकशे अठरा झालेत तिचे. आज तिचंही नाव वाचायचंय. मी ते सात तास खोडतो. दोन्ही पोरी परीक्षेला बसतील. तू फक्त गप्प बस."

ह्यावर मात्र गारिफालिया थांबली. अर्गिरोची आई तिची लांबची चुलत बहीण. ती पोर डॉक्टर व्हायचं म्हणत होती, आणि झालीही असती. फोटो तिनंच दाखवले होते. गारिफोनं फडकं पिळलं, वाळत टाकलं, पुन्हा काढून पुन्हा पिळलं.

"मास्तर," ती म्हणाली, "बैठकीला कॉफी किती कप लागंल?"

त्याला ती कबुली वाटली. "अकरा," तो म्हणाला, आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या हातानं तिचं उरलंसुरलं मन पक्कं झालं.

दुपारी एकला ती अकरा कपांचा ट्रे घेऊन मास्तरांच्या खोलीत शिरली. मिल्तोस नावं वाचत होता. अर्गिरोपुढं त्यानं एकशे अकरा वाचले, दानाईपुढं एकशे चौदा. गारिफोनं ट्रे टेबलावर ठेवला, फोन काढून ट्रेशेजारी ठेवला आणि म्हणाली, "बाईंनो, मास्तरांनो, कॉफी घ्यायच्या आदी हे बघा. तारखा वहीशी ताडून बघा."

प्राचीन भाषा शिकवणाऱ्या बाईंनी चष्मा लावला. एक फोटो, एक पान. दुसरा फोटो, दुसरं पान. खोलीत नुसती पानांची सळसळ. मिल्तोसनं एकदा तिच्याकडं बघितलं, आणि तिनं ती नजर चुकवली नाही. चांगली पोटभर घेतली.

वही उघडली गेली ती सगळीच. दानाईचे नऊ दिवसांचे त्रेसष्ट तास तिच्या नावावर चढले. खोडलेले सात अर्गिरोच्या नावावर परत आले. बाई म्हणाल्या, एकीला एक आणि दुसरीला दुसरं, असं करता येत नाही. त्यांचंही बरोबरच होतं. काट मारायला पेन मिल्तोसच्या हातात दिलं. शेवटची काट पडेस्तोवर गारिफो उभी राहिली. कॉफी गार झाली, ती तिनं नंतर मोरीत ओतली.

मिल्तोसला महिनाभरात दुसऱ्या जिल्ह्यात ऑफिसच्या कागदांत टाकलं. दानाई शहरात मावशीकडं राहून पुन्हा बारावी करायला गेली. गावातल्या अर्ध्या बायका गारिफालियाशी बोलेनात. पोरीचा काय दोष, म्हणायच्या. "माझा काय व्हता?" ती विचारायची, आणि पुढं चालायला लागायची.

सप्टेंबरात शाळा भरली. अर्गिरो पुन्हा बारावीच्याच वर्गात. पहिले आठ दिवस ती कँटीनकडं फिरकली नाही. नवव्या दिवशी आली, खिडकीवर कोपरं टेकून उभी राहिली.

"आई सांगत व्हती. तुला त्यानं इचारलं व्हतं म्हणं. माझे तास खोडायचं."

"इचारलं व्हतं."

"मला एकदा सांगायचं तरी व्हतंस मावशे."

"सांगितलं असतं तर तू मला थांबवलं असतंस."

"थांबवलंच असतं."

"म्हून न्हाई सांगितलं."

गारिफालियानं एक गरम कुलूरी कागदात गुंडाळून खिडकीत ठेवली. पोरीनं ती घेतली नाही. घंटा झाली तशी ती वर्गाकडं गेली. पहिल्याच तासाला गैरहजर लागून तिला चालणार नव्हतं.