एदुविनाबाईंची गादी-तपासणी

एदुविनाबाईंच्या घरी कुठलीही वस्तू सुखासुखी पास झालेली नाही. उभं आयुष्य बुटांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. निवृत्त झाल्या, पण हाताची खोड गेली नाही. आता कुत्र्या-मांजरांचं सामान विकणाऱ्या कंपन्या त्यांना खोकी पाठवतात, आणि बाई ते घरी वापरून फोनवर व्हिडिओ टाकतात. पट्टा आला की तो खिळ्याला अडकवून खाली पाण्याची बादली टांगायची. न फाटणारं खेळणं आधी मांजरीला द्यायचं, मग धुण्याच्या मशीनला. वास न येणारी मांजराची वाळू आली की बहीण क्लोरिंदाला चहाला बोलवायचं. पावाला अवोकाडो लावताना क्लोरिंदाने एकदा जरी नाक मुरडलं, तर वाळू नापास. आपल्याला चहाला का बोलावतात हे तिला अजून माहीत नाही, आणि माझ्याकडून तरी कळणार नाही.

मी बेलार्मिनो. बंदरापासून टेकडीपर्यंत शेअर टॅक्सी चालवतो. शेवटचा थांबा बाईंच्या दारासमोरच आहे.

त्या थांब्यावर एक कुत्रा असतो. आमच्या वाल्पाराइसो शहराच्या प्रत्येक टेकडीवर असे कुत्रे आहेत, कुणा एकाचे नाहीत, सगळ्यांचे. बाई याला रुपेर्तो म्हणतात, खाटीक ओसवाल्दो त्याला चुलेता, म्हणजे मटणाची चाप, म्हणतो, मी साहेब म्हणतो. तो सगळ्या नावांना ओ देतो, कारण प्रत्येक नावामागे काहीतरी खायला असतं. संध्याकाळी गाडीतून जो उतरेल त्याला घरापर्यंत सोडायचं, परत थांब्यावर यायचं, पुढच्या गाडीची वाट बघायची. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यात शेवटी दवाखान्यातली नर्स यास्ना येते. तिला सोडलं की साहेब बाईंच्या पायरीवर येऊन अंग टाकायचे. छपराखाली मात्र कधी गेले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात समुद्रावरून आडवा पाऊस लागला आणि साहेबांची छाती भरली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कसंबसं वाचवलं आणि स्पष्ट सांगितलं, की आणखी एक हिवाळा बाहेर काढला तर हा जगायचा नाही.

म्हणून यंदा थंडी पडायच्या आत बाईंनी एका कंपनीला लिहून म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीची जाड गादी मागवली. शेगडीजवळ मांडली. मेर्लुसा मांजरीने ती तिथल्या तिथे ताब्यात घेतली. साहेब पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत ठेवायचे, बाईंनी ठेवलेला मटणाचा तुकडा उचलायचे आणि चालते व्हायचे. रोज हेच. बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या मला शेगडीच्या धुराचं कारण सांगायच्या.

"बाई, करा नापास ती गादी आणि मोकळ्या व्हा," मी म्हटलं.

"गादीत खोट नाही रे. त्या गाढवाच्या डोक्यात आहे."

"त्याची ड्यूटी बाहेर आहे. ड्यूटी संपल्याशिवाय तो झोपेल कसा?"

बाईंनी दारातून थांब्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तर मग ड्यूटी आत आणू या. जो उतरेल त्याने आधी माझ्याकडे यायचं. त्याला तोंड दाखवायचं. नाहीतरी आता त्याला टेकडीच्या पायऱ्या चढवत नाहीत."

ओसवाल्दो कुरकुरला. "म्हणजे घरी जायच्या आधी कुत्र्यापुढे हजेरी लावायची? एवढी तर मी बायकोपुढे लावत नाही."

"म्हणूनच ती तुझ्याशी तशी वागते. गपचूप ये, आणि येताना हाडं आण."

ठरवलं त्याच दिवशी पाऊस आला. उतरेल तो बाईंच्या घरात शिरत होता आणि पाऊस थांबायची वाट बघत तिथेच थांबत होता. साहेब उंबऱ्यापाशी बसून एकेकाचा हात हुंगत होते, हुंगून झालं की पुढच्याकडे बघत होते. शेवटी माझ्यासोबत यास्ना आली, छत्री उलटी झालेली, केस निथळत होते. साहेबांनी तिचाही हात हुंगला.

"आले रे बाबा," ती म्हणाली. "सगळे आले. झोप आता."

साहेब उठले आणि चक्क चारही पायांनी आत आले. ओसवाल्दोने मेर्लुसाला उचललं. साहेब गादीवर उभे राहिले. आम्ही कुणी हाललो नाही. बाई व्हिडिओ घेण्यासाठी फोन धरून दारात उभ्या होत्या.

तेवढ्यात साहेब वळले आणि परत उंबऱ्याकडे गेले.

"आता कोण राहिलं?" ओसवाल्दो वैतागून म्हणाला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. टेकडीवर गाडीतून उतरणारं प्रत्येक माणूस त्या खोलीत होतं. साहेब मात्र बाईंच्या गुडघ्याला नाक लावून उभे होते.

यास्नाच्या ध्यानात आलं. "बाई, तुम्ही अजून दारातच आहात."

"मग? घर माझंच आहे."

"हो. पण तुम्ही आत कुठे येता?"

खरंच होतं. नवरा, एवारिस्तो, गेल्यापासून बाई रोज शेवटची गाडी येऊन गेली तरी रात्री उशिरापर्यंत दारातच उभ्या असायच्या. कोण आलं, कोण गेलं हे बघायची त्यांना हौस आहे, असं आम्ही समजत होतो. आणि साहेब पायरीवर झोपायला येतात, असंही समजत होतो. ते शेवटच्या माणसाला सोडायला यायचे. ते माणूस काही आत जात नव्हतं, म्हणून तेही तिथेच पडायचे, पावसात.

बाईंनी फोन खाली घेतला. "आत एकटं बसलं की घर फार मोठं होतं रे," त्या कुत्र्यालाच म्हणाल्या. आमच्याकडे बघितलं नाही.

मग त्या आल्या आणि शेगडीजवळच्या खुर्चीत बसल्या. साहेब त्यांच्या मागोमाग आले, गादीवर गोल फिरले आणि हुश्श करून आडवे झाले.

"दार लावा कुणीतरी," बाई म्हणाल्या. "वारा येतोय."

ओसवाल्दोने दार लावलं. आम्ही सगळे आतच होतो.