गाडीचा डावा दिवा

बाबांच्या जुन्या गाडीचा डावा दिवा मी नीट केला, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. चूक कुणाची, झाली तरी का, काही म्हणता काही कळत नाही.

गाडी माझ्याहून वयानं मोठी, गोल दिव्यांची. बाबा गेल्यापासून मीच चालवते. शाळेतली कामं उरकून नेरला घरी पोचेपर्यंत हिवाळ्यात अंधारून येतं. उजवा दिवा ठणठणीत. डावा मात्र पिवळा, मिणमिणता अन् खाली झुकलेला. रस्ता सोडून शेजारच्या तुरीत बघायचा. त्यावरून आईनं बाबांचं डोकं खाल्लं होतं. "अवो, तो लाईट दुरुस्त करा ना! एखाद्या दिवशी धडकसान कुठं तरी." बाबा म्हणायचे, "करतो ना." केला कधीच नाही.

आईला आता फारसं आठवत नाही. बाबा गेले, हेही नाही. संध्याकाळी ती ओट्यावर बसते. वळणावर गाडीचे दिवे दिसले की "आले," म्हणत उठते, फाटक उघडते अन् आत जाऊन जेवायला बसते. गाडीतून उतरते मी, तरी बाबा कुठं म्हणून विचारत नाही. कसं काय, देव जाणे. मीही खोदून विचारत नाही. जेवल्याशिवाय शुगरची गोळी देता येत नाही; ती जेवते ना, बस्स.

दिवाळीच्या सुट्टीत वाटलं, तिचं जन्माचं एवढं एक गाऱ्हाणं तरी मिटवावं. शेजारीण म्हणाली, काचेला टूथपेस्ट घासा. घासली. काच लखलखली, दिवा तसाच. गॅरेजच्या मिस्त्रीनं दिवा खोलला अन् हसायलाच लागला. "ताई, काच कायले घासून राह्यल्या? आतला रिफ्लेक्टर मेला ना!" त्यानं भंगारातून त्याच मापाचा चांगला रिफ्लेक्टर आणला. दिव्याची वायर पत्र्याला जिथं स्क्रूनं कसली होती, तिथं गंजामुळं करंट नीट पोचत नव्हता; तो गंज मी स्वतः पॉलिशपेपरनं खरवडला. मग भिंतीवर उजेड पाडून त्यानं दोन्ही दिवे एका रेषेत आणले. दोन पांढरेशुभ्र गोल! मला तर आनंदानं रडूच आलं.

शाळा सुरू झाली. संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत वळणावरून आले. आई जागची हललीच नाही. डोळ्यांवर हात आडवा धरून ओरडली, "कोण होय जी? मालक घरी नाहीत!"

मी उतरून म्हटलं, "आई, मी आहे. चल जेवायला."

"तू जेव. यांची गाडी यायची हाय अजून."

"अगं, ही काय गाडी!"

"हे आपली नोहे. आपल्या गाडीचा एक लाईट पिवळा हाय."

आता बोला! ज्या दिव्याच्या नावानं जन्मभर खडे फोडले, त्याच दिव्याची ही खूण? समजावलं, चिडले, तिचा हात धरून बॉनेटवर ठेवला. नाही म्हणजे नाही. भाकर दुधात कुस्करून दिली तर ताट सरकवलं अन् उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिचे हात थरथरायला लागले तेव्हा मात्र मी घाबरले. चांगलं करायला गेले ते वाईट कसं झालं, सांगा ना कुणी!

मिस्त्रीला बोलावलं. "जुना रिफ्लेक्टर बसवून दे."

"ताई, डोकं ठिकाणावर हाय ना?"

"नाही," मी म्हटलं.

जुना रिफ्लेक्टर डिक्कीतच पडला होता. पण तेवढ्यानं दिवा पुरेसा मंद होईना. खरवडलेला गंज परत आणायचा कुठून? शेवटी वायरीचा स्क्रू सैल केला, दिवा खाली झुकवला. तो पहिल्यासारखा तुरीत बघू लागला.

त्या संध्याकाळी वळणावर आले तर आई उठली. "आले," म्हणाली. फाटक उघडलं. माझा जीव भांड्यात पडला. गाडी आत घेतली तशी ती डाव्या दिव्यापाशी थांबली. त्याच्या काचेवर बोटानं टकटक केलं, अन् माझ्याकडं बघत वैतागून म्हणाली, "अवो, किती दिवसाची सांगून राह्यली मी, हा लाईट दुरुस्त करा ना!"

मी दिवे बंद केले.

"करतो ना," मी म्हणाले. अन् ती आत जाऊन जेवायला बसली.